खांद्यावरून परत

शीव म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे किल्ला येत नाही, रुग्णालय येतं. लोकमान्य टिळकांच्या नावाचं पालिकेचं रुग्णालय. ते पूर्ण नाव क्वचितच कुणी घेतं. ‘सायनला नेलंय’ एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पूर्व द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो, मध्य रेल्वेचे रूळ शेजारून जातात. त्यामुळे रस्त्यावरचे आणि रुळांवरचे जखमी वर्षानुवर्षं याच दारात येत आले आहेत. जवळच्या टेकडीवरचा किल्ला मात्र बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेला असतो. सतराव्या शतकात जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत इंग्रजांनी तो बांधला. अलीकडे त्यांचं परळचं बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी आणि मधल्या हद्दीवर नजर ठेवायला ही टेकडी. ती चढायला फारसा दमही लागत नाही.

याच टेकडीच्या बाजूने जाणारी रेल्वे कल्याणला फुटते. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या तीन पिढ्यांनी शनिवारी रात्री शेवटची गाडी पकडून याच दोन फाट्यांनी सह्याद्री गाठला. पाठीवर सॅक, सॅकवर दोराचं वेटोळं, गाडीत बसायला जागा नाही म्हणून दाराशी पसरलेल्या पथाऱ्या. या मंडळींच्या चढायांवर बरंच लिहिलं गेलं आहे. मला मात्र उलट्या दिशेचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. कड्याखाली पडलेला माणूस रुग्णालयाच्या दारापर्यंत येतो कसा? त्याला आणतं कोण?

शहरात याचं उत्तर सोपं आहे. १०८ क्रमांक फिरवा, रुग्णवाहिका येते. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला डॉक्टर ‘गोल्डन अवर’ म्हणतात. त्या तासात रक्तस्राव थांबला, श्वास सुरू राहिला, तर माणूस वाचायची शक्यता बरीच वाढते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत कुणी घसरला तर तो तास निरोप पोहोचण्यातच निघून जातो. फोनला रेंज नसते. कुणीतरी खाली धावत गावात जातो, गावातली चार माणसं घेऊन पुन्हा वर येतो, तोवर अंधार पडलेला असतो. डोंगरातला बचाव म्हणजे आधी अंतराशी आणि वेळेशी झगडणं. दोर आणि कप्प्या नंतर येतात.

हे अंतर स्वतःच्या शरीरावर मोजलेला मुंबईतला एक माणूस म्हणजे हरीश कपाडिया. जन्म १९४५चा, धंदा कापडाचा, आणि वेड डोंगराचं. मुंबईच्या आसपासच्या डोंगरांत त्यांनी भटकायला सुरुवात केली आणि पुढे हिमालयाचे कोपरेन् कोपरे पालथे घातले. नकाशावर नुसतीच पांढरी जागा दिसते अशा दऱ्यांत शिरायचं, खिंडी ओलांडायच्या, परत येऊन सगळं नीट लिहून ठेवायचं, ही त्यांची रीत. १९२९ पासून निघणाऱ्या ‘हिमालयन जर्नल’चं संपादन त्यांनी बरीच वर्षं केलं. त्यांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ या पुस्तकाचं बोट धरून कितीतरी मुंबईकर पहिल्यांदा घाटवाटांना लागले. २००३ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. भूगोलाच्या जगात याहून मोठा मान फारसा नाही. कापडाचा व्यापार सांभाळून एका माणसाने एवढं करावं याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण या सगळ्याच्या फार आधी, १९७४ साली, त्यांची वाटचाल जवळजवळ संपलीच होती. नंदादेवी अभयारण्याच्या आत ६७८८ मीटर उंचीचं देवतोली शिखर आहे. त्या मोहिमेत, सुमारे ६२०० मीटरवर, ते हिमनदीतल्या भेगेत कोसळले. गिर्यारोहक तिला क्रिव्हासच म्हणतात. वर बर्फाचा पातळ थर असतो, खाली पोकळी, आणि पाऊल पडेपर्यंत काही कळत नाही. कपाडियांच्या खुब्याचा सांधा निखळला.

खुबा निखळणं म्हणजे नुसती वेदना नव्हे. मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. सांधा जागचा हलला की त्या ताणल्या जातात, दबतात. काही तासांत सांधा पुन्हा बसवला नाही तर हाडाचं ते डोकं हळूहळू मरू लागतं. शहरातला अस्थितज्ज्ञ यासाठी सहा तासांचा हिशेब धरतो. कपाडियांना त्यांच्या सोबत्यांनी १३ दिवस वाहून तळछावणीपर्यंत आणलं. तिथून हेलिकॉप्टर मिळालं.

१३ दिवस हा आकडा वाचताना डोळे पुढे सरकतात, म्हणून इथे जरा थांबावंसं वाटतं. नंदादेवी अभयारण्य चहूबाजूंनी उंच शिखरांच्या तटाने वेढलेलं आहे. तिथे शिरणं हेच कित्येक वर्षं जगातल्या नामांकित गिर्यारोहकांना जमलं नव्हतं. तिथून पाय न टाकता येणारा माणूस बाहेर काढायचा. सहा हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी होतो. तिथे रिकाम्या हाताने चार पावलं टाकली तरी थांबावं लागतं. अशा ठिकाणी पाठीवर माणूस घ्यायचा, हिमउतारावरून दोराने सोडायचा, मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, डळमळत्या दगडांवरून तोल सांभाळत न्यायचा, रात्री त्याला ऊब द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाहणाऱ्यांचं अन्नही रोज कमी होत जातं. त्यांच्यापैकी एक जण घसरला तर जखमी एकाचे दोन होतात.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षं कुबड्यांवर गेली. चालणं पुन्हा शिकावं लागलं. मग हा माणूस पुन्हा हिमालयात गेला आणि पुढची कित्येक दशकं जातच राहिला. माझ्या मते कपाडियांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चढाई म्हणजे हे परत जाणंच. त्यांनी केलेल्या शिखरांची यादी वाचताना हे लक्षात ठेवावं की त्यातली बहुतेक त्या १३ दिवसांनंतरची आहेत.

१९९२ साली नियतीने त्यांना त्याच गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं. कुमाऊंमधल्या पंचचुली शिखरसमूहावर भारतीय आणि ब्रिटिश गिर्यारोहकांची संयुक्त मोहीम होती. नेते दोन, ख्रिस बॉनिंग्टन आणि हरीश कपाडिया. पंचचुली-५ या ६४३७ मीटर उंच शिखरावरून चौघे ब्रिटिश गिर्यारोहक रात्री दोराने उतरत होते. स्टीफन व्हेनेबल्स दोराला लटकला आणि ज्या पोलादी पिटॉनला दोर अडकवला होता तो खडकातून उपटून आला. व्हेनेबल्स सुमारे ८० मीटर खाली गेला. दोन्ही पाय मोडले. हा तो गिर्यारोहक, ज्याने चार वर्षांपूर्वी कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट गाठलं होतं. मोठ्या नावाचा खडकाला काही धाक नसतो.

सोबत्यांनी त्याला सांभाळलं, बाकीचे मदत आणायला उतरले. उतरताना बॉनिंग्टनही घसरून पडले, सुदैवाने वाचले. अखेर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी हेलिकॉप्टर त्या उतारावर नेलं. उतरायला सपाटी नव्हती. यंत्र हवेतच स्थिर धरायचं, पाती बर्फाच्या भिंतीपासून जेमतेम अंतरावर फिरत असताना जखमीला आत ओढून घ्यायचं. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, म्हणून इंधनही मोजकंच घेऊन जावं लागतं. चूक झाली तर दुरुस्त करायला वेळ नसतो. व्हेनेबल्स वाचला, पुढे पुन्हा डोंगरावर गेला आणि या प्रसंगावर त्याने ‘अ स्लेंडर थ्रेड’ हे पुस्तक लिहिलं.

कपाडियांच्या घरातली तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. त्यांचा धाकटा मुलगा नवांग गुरखा रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होता. ११ नोव्हेंबर २००० रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी चकमक चालू असताना तो जखमी सहकाऱ्याला वाचवायला पुढे गेला आणि मारला गेला. वय २४. अधिकारी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर वडिलांनी सियाचीन हिमनदीचं शांतता उद्यान व्हावं म्हणून जगभर फिरून मांडणी केली. तिथे गोळीपेक्षा थंडी, उंची आणि हिमप्रपात जास्त सैनिक मारतात, हे सियाचीनच्या परिसरात स्वतः मोहिमा केलेला माणूस सांगत होता. लष्करी शहाणपणाच्या बाजूने त्यांच्या मागणीला विरोध करता येईल, आणि तो झालाही. पण ती मागणी कोण करत होता, हे विसरून चालणार नाही.

हिमालयातून आता सह्याद्रीत येऊ. इथली उंची हिमालयापुढे काहीच नाही, कळसूबाई १६४६ मीटर. म्हणून बाहेरच्या गिर्यारोहकाला हे डोंगर पोरखेळ वाटतात, आणि तिथेच तो फसतो. सह्याद्रीचा खडक म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. घट्ट बसाल्टचा उभा कडा, मध्ये ठिसूळ मुरमाची पट्टी, पुन्हा कडा. कड्यावर धरायला मिळालेला दगड कधी हातात येईल सांगता येत नाही. पट्टीवरचा घसारा बॉलबेअरिंगवर चालल्यासारखा पाय सोडवतो. पावसाळ्यात गवत आणि शेवाळ, उन्हाळ्यात निर्जळी, आणि बाराही महिने आग्या मोहोळ. मोहोळ उठलं की भलेभले दोर सोडून धावतात आणि दरीकडे धावतात.

मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. देशातल्या सगळ्यात जुन्या नागरी गिर्यारोहण संस्थांपैकी ती एक. कान्हेरीच्या आणि मुंब्र्याच्या कातळावर बोटं घासून तयार झालेली पोरं पुढे सह्याद्रीच्या सुळक्यांवर गेली आणि १९८८ साली वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली ८५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगेवर. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर नागरी मोहीम न्यायची हा त्या काळी वेडेपणाच होता. पैसे गोळा करण्यातच अर्धा जीव जायचा. त्या मोहिमेत संजय बोरोले या गिर्यारोहकाचा जीव गेला. १९९८ साली हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. या सगळ्यात शिखरं दिसतात. त्याच काळात याच माणसांच्या हातांत आणखी एक कसब मुरत होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. दोर बांधणं, मेख ठोकणं, वजन सोडणं, वजन ओढणं. डोंगरात कुणी अडकला की पोलिसांना फोन करायला दुसरं कुणी नव्हतंच.

युरोपात हे वेगळ्या रीतीने झालं. पोलंडमधल्या टाट्रा पर्वतात १९०९च्या फेब्रुवारीत म्येचिस्लाव कार्लोविच हा नामवंत संगीतकार हिमप्रपातात गेला. त्याच वर्षी झाकोपाने गावात स्वयंसेवकांचं बचाव पथक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी त्यातला सगळ्यात नावाजलेला वाटाड्या क्लिमेक बाखलेदा एका जखमीपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरून गेला आणि परतला नाही. स्कॉटलंडच्या ग्लेन्कोमध्ये हेमिश मॅकइनिस या गिर्यारोहकाने १९६१ साली गावातल्या माणसांचं पथक बांधलं, घडीचं स्ट्रेचर बनवलं, आणि डोंगरी बचावावर लिहिलेल्या त्याच्या पुस्तकातून जगभरचे लोक शिकले. तिथे अपघात झाला, पथक झालं, मग सरकारने आणि समाजाने त्याला कायमचा आधार दिला. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी अजून अर्धवट आहे.

लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स. या पथकांतली माणसं दिवसा दुकान चालवतात, नोकरी करतात, रिक्षा हाकतात. रात्री फोन वाजला की सॅक उचलतात. फोन बहुधा पोलिसांचाच असतो, आणि जखमीसाठी असण्यापेक्षा दरीतल्या मृतदेहासाठी असण्याची शक्यता जास्त. २०१६च्या सुमारास राज्यातल्या अशा पथकांना जोडणारं समन्वय केंद्र गिर्यारोहकांनीच पुढाकार घेऊन सुरू केलं. एका क्रमांकावर फोन करायचा, सगळ्यात जवळचं पथक निघतं. कल्पना साधी आहे, पण त्याआधी प्रत्येक वेळी ओळखीतून ओळख काढावी लागायची.

२८ जुलै २०१८. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला निघाली होती. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात ती पाचशे फुटांहून खोल दरीत गेली. ३१ जणांपैकी एक वाचला. तोच वर चढून आला आणि त्याच्यामुळे अपघात लोकांना कळला. मुसळधार पाऊस, धुकं, निसरडा उतार. यंत्रं रस्त्यावरच उभी राहिली आणि खाली उतरले ते महाबळेश्वरचे आणि आसपासचे ट्रेकर.

एवढ्या खोलीतून एक स्ट्रेचर वर आणायचं म्हणजे काय? आधी जाग्यावरून न हलणारा आधार शोधायचा, जुनं झाड, मोठा कातळ, नाहीतर खडकात ठोकलेल्या मेखा. एकाच आधारावर कधी विसंबायचं नाही, दुसरा पाठीराखा हवाच. कड्याच्या काठावर दोर घासून तुटू नये म्हणून तिथे गोणपाट घालायचं. मग कप्प्या अशा लावायच्या की ओढणाऱ्याला वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच जोर लागावा. ८० किलोचा माणूस कागदावर २७ किलोचा होतो, पण बदल्यात एक मीटर वर आणायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. शिवाय भिजलेला दोर, चिखल आणि घर्षण आपला वाटा घेतातच. स्ट्रेचरसोबत एक जण कड्याला पाय टेकवत चालतो. झुडपात अडकलं की सोडवायचं, दगड सुटला की ओरडायचं, हे त्याचं काम. हे तीसदा करायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते काम चालू होतं.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिचं कौशल्य आणि शिस्त यांबद्दल वाद नाही. पण घाटातल्या दरीपर्यंत यायला तिला वेळ लागतो, आणि डोंगरातले पहिले काही तास स्थानिकांचेच असतात. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही हेच दिसलं. ठाकरांची वाडी, रस्ता नाही, पावसात तासाभराची चढण. जेसीबी वर जाऊ शकत नव्हता, म्हणून माती हातांनी, घमेल्यांनी, फावड्यांनी उपसली. रात्री अंधारात वर पोहोचलेल्यांत आसपासची ट्रेकर पोरं होती. इर्शाळगडाची वाट याच वाडीतून जायची, त्यामुळे त्यांना ती डोळे मिटून ठाऊक होती. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं मातीखालीच होती.

या वाटेवर बचाव करणाऱ्यालाही सूट मिळत नाही. अरुण सावंत हे सह्याद्रीतल्या जुन्या, जाणत्या गिर्यारोहकांपैकी एक. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी भटक्यांपुढे आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. दोराच्या तंत्रात त्यांचा हात धरणारे मोजकेच होते. १८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगची मोहीम चालू असताना ते कड्यावरून पडले. साठीच्या घरातलं वय, आणि त्यातला मोठा हिस्सा डोंगरात गेलेला. कोकणकडा आत वळलेला आहे. काठावरून दोराने खाली निघालेला माणूस थोड्याच वेळात खडकापासून दूर, नुसताच हवेत लटकतो. अशा कड्याखालून मृतदेह काढायला दुसऱ्या दिवशी जी मंडळी गेली, त्यांच्यातल्या कुणाकुणाला दोर धरायला सावंतांनीच शिकवलं असेल.

कोकणकड्यावर १८३५ साली कर्नल साइक्सने ढगात उमटलेलं गोल इंद्रधनुष्य पाहिलं, हे प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात असतं. तिथे कोण पडलं आणि त्याला कुणी वर आणलं, हे क्वचितच असतं. मला हा आपल्या डोंगरसाहित्यातला मोठा उणेपणा वाटतो. प्रत्येक अपघाताची निर्मळ, दोषारोप न करणारी नोंद ठेवली तर पुढचे चार जीव वाचतील. कपाडियांनी हिमालयातल्या खिंडी जशा टिपून ठेवल्या, तसं हे काम सह्याद्रीत कुणीतरी हाती घ्यायला हवं.

तुम्ही पुढच्या शनिवारी कसाऱ्याची किंवा कर्जतची गाडी पकडणार असाल तर एवढं करा. कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी कागदावर लिहून ठेवा. पायथ्याच्या गावात थांबा, वाटाड्या मामांना सोबत घ्या, त्यांचा मोबाइल क्रमांक घरी कळवा आणि मोबदला देताना घासाघीस करू नका. तुम्ही पडलात तर तुमच्यापर्यंत सगळ्यात आधी तेच पोहोचणार आहेत.